ट्रेसर अक्कांची निळी कुंडी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बंगळूर शहराच्या पूर्वेकडच्या एका गल्लीत, एका कुंडीत, फर्गेट-मी-नॉट नावाचं विलायती निळं फूल फुलल्याची जी वार्ता काही वर्षांपूर्वी पसरली होती, ती साफ खोटी होती. ती पसरवणारा इसम मीच. हे कृत्य मी पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी आणि वर स्वतःची सही ठोकून केलेलं आहे. ती सही आज सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, चष्म्याच्या एका जुन्या डबीत आहे. अधूनमधून मी डबी उघडून बघतो आणि पुन्हा बंद करतो. चार माणसं जमली की माझ्याकडे गोष्टींना तोटा नसतो. ही एवढी मात्र मी आजवर कुणाला शेवटापर्यंत सांगितलेली नाही.

ट्रेसर अक्कांना जगातली कुठलीही रेघ पट्टी लावल्याशिवाय सरळ वाटत नसे. त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्या अंगणात दोन कुंड्यांमधलं अंतर मोजत होत्या. सहा इंची स्टीलची पट्टी त्यांच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी कायम खोचलेली असे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मिशी डावीकडे स्वल्प उतरलीय." मी हात लावून बघितला. खरंच उतरली होती. मग त्यांनी विचारलं, "पुण्याचा काय?" मी म्हटलं, नाही, साताऱ्याचा. "पुण्यापासनं किती?" शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यांनी क्षणभर विचार केला. "सरी. टॉलरन्समध्ये आहे, एवढा फरक चालतो," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पुढची नऊ वर्षं मी त्यांचा 'पुणेकर' झालो.

त्या स्वतः बंगळूरच्याच. घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत मधे मधे कन्नड येई, 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे जरासं, आणि मी हसलो की त्या ताठ होत. "तुम्ही लोक नोकरीचा कागद घेऊन आलात. आम्ही घोड्यावरनं आलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घोड्याचा पुरावा मागितला की म्हणत, "घोडा मेला की रे. आता काय दाखवू?"

ट्रेसर हे त्यांचं आडनाव नव्हे, नोकरी. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या तीस वर्षं ट्रेसर होत्या. ही जात आता नाहीशी झाली. इंजिनियर पेन्सिलीने आराखडा काढणार. त्यावर पारदर्शक कागद टाकून ट्रेसर बायका तो शाईने जसाच्या तसा गिरवणार. मग त्यावरून निळे छाप, म्हणजे ब्लूप्रिंट, निघणार आणि ते कारखान्यात जाणार. रेघ हलली तर कारखान्यात भोक हलतं. चुकलं तर पुसायची सोय नाही. अर्ध्या ब्लेडने शाई खरवडून काढायची. अक्कांनी खरवडलेली जागा म्हणे ऑफिसात कुणाला सापडत नसे. मी एकदा त्याचं कौतुक केलं, तर त्या खूष झाल्या नाहीत. म्हणाल्या, "दिसत नाही, सरी. पण कागद तिथे पातळ होतो. बोट फिरवलं की मला कळतं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ड्रॉइंग ऑफिस अंगणात आणलं. प्रत्येक कुंडीत न भिजणाऱ्या जाड फिल्मचा एक तुकडा खोचलेला, त्यावर काळ्या शाईने छापल्यासारख्या अक्षरांत झाडाचं नाव, आणि खाली दोन चौकोन. एकात 'पेरलं', दुसऱ्यात 'तपासलं'. दोन्हींत त्यांचीच सही. कढीपत्त्यालासुद्धा. मी चेष्टा केली की अक्का, स्वतःच पेरायचं आणि स्वतःच तपासायचं, हा कुठला न्याय? त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "ऑफिसात 'तपासलं'चा चौकोन इंजिनियरचा. ट्रेसरने तिथे बोट लावायचं नाही. तीस वर्षं माझ्या रेघांखाली दुसऱ्याची सही बघितली. घरची कोथिंबीर तरी मला तपासू दे की." त्यानंतर त्या चौकोनाची चेष्टा मी केली नाही.

आता त्या निळ्या फुलाकडे येतो. अक्कांना एकच मुलगी, राधिका. ती लग्न होऊन स्कॉटलंडला. दोन-तीन वर्षांतून एकदा येई, आठवडाभर राही, आणि त्या आठवड्यातही अक्कांच्या मते तिची अर्धी बॅग भरलेलीच असे. एका खेपेला तिने तिथल्या बागेचा फोटो दाखवला. कुंपणापर्यंत निळंच निळं. अक्का त्या फोटोवरून उठेनात. त्यांनी तीस वर्षं निळे छाप हाताळले होते. निळ्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं धोक्याचं. "हा रंग इथे येईल," त्या म्हणाल्या. राधिका हसली. "आई, हे थंडीतलं झाड. आमच्याकडे कचऱ्याच्या डब्यामागेसुद्धा उगवतं, पण बंगळुरात नाही यायचं." "आणलं तर?" "आणलंस तर ते फुलेल तेव्हा मी येईन. महिनाभर राहीन. रिटर्न तिकीट न काढता." मायलेकींनी हातावर हात मारला. साक्षीदार मी. जाताना राधिकाने बियांचं पाकीट पाठवायचं कबूल केलं, आणि खरोखरच पाठवलं.

अक्कांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पाकिटावरचं फूल दहापट मोठं करून ट्रेस केलं. पाच गोल पाकळ्या, आणि बरोबर मधोमध एक पिवळा ठिपका. तो त्यांनी हळदीत काडी बुडवून भरला. ते चित्र स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी लागलं. "आधी ड्रॉइंग, मग माल," त्या म्हणाल्या.

पहिल्या वर्षी बी उन्हात ठेवलं, तर एकही उगवलं नाही. याला अंधार लागतो हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते वाचायचं राहिल्याबद्दल अक्कांनी स्वतःला पंधरा दिवस माफ केलं नाही. दुसऱ्या वर्षी गणपती उठल्यावर ओल्या गोणपाटाखाली पेरलं. रोपं आली, दोन बोटं वाढली आणि पानांवर पांढरी भुकटी धरून बसली ती बसलीच. तिसऱ्या वर्षी मात्र पानांचे सुरेख गुच्छ झाले. कळी काही येईना. झाडाला थंडी कमी पडते, असा निकाल देऊन अक्कांनी रोज सकाळ-संध्याकाळ कुंडीत मातीवर बर्फ ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या फ्रीजचा पुरेना, तेव्हा आमचा जप्त झाला. माझे सासरे आले होते, त्यांनी सरबतात बर्फ मागितला. अक्का खालून म्हणाल्या, "तो झाडाचा आहे." सासरे कोमट सरबत प्यायले आणि त्यांनी मला विचारलं, या घरात तुझं स्थान नक्की काय आहे. मार्चचं ऊन आलं आणि ती पानंही बर्फासकट गेली.

याच काळात एक गोष्ट होत होती, जी मला दिसत होती पण कळत नव्हती. अक्का वरच्या मजल्यावर यायला निघाल्या की आठव्या पायरीवर थांबायच्या आणि जिन्याच्या कठड्याला पट्टी लावून बघायच्या. मला वाटे, सवय. एकदा मी म्हटलं, "अक्का, कठडा काल सरळ होता, आजही सरळच असेल." त्यांनी पट्टी पुन्हा कठड्याला लावली. त्यांच्या ओठांचा रंग बघून मला समजलं की त्या दम खात होत्या. जानेवारीत मी त्यांना जवळजवळ उचलूनच डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप निकामी होत आली होती. या वयात ऑपरेशन करण्यात धोका, न करण्यातही धोका, असं डॉक्टर म्हणाले. रिक्षात अक्का बराच वेळ मीटरकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "राधिकाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "अक्का, तिला सांगितलं तर ती उद्या विमानात बसेल."

"बसेल. आजार बघायला आलेलं माणूस खुर्चीच्या कडेवर बसतं, पुणेकर. फुलं बघायला आलेलं टेकून बसतं. मला ती टेकून बसलेली हवी आहे." आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. शब्द द्यायला मी नेहमीच उदार.

ते चौथं वर्ष होतं. कुंडीत पुन्हा पानांचे गुच्छ होते, पुन्हा कळी नव्हती, आणि फेब्रुवारी निम्मा संपला होता. अशात मी होसकोट्याच्या कारखान्यातलं काम आटोपून परत येत होतो. रस्त्याकडेच्या एका नर्सरीत निळ्या फुलांची रांग दिसली. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. नर्सरीवाला म्हणाला, "फर्गेट-मी-नॉटच सार, चायनावालं. उन्हाला दाद देत नाही." मी चार रोपं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का रक्त तपासायला लॅबमध्ये गेल्या, तेव्हा मी अंगणात उतरलो, त्यांची चार रोपं हलकेच उपटली आणि त्या जागी माझी लावली. अशा कामांत मला भारी उत्साह. माती दाबली, पाणी शिंपडलं, वर दोन बर्फाचे खडेही ठेवले. आपल्या हातून इतकं सफाईदार काम पूर्वी झालेलं नाही, असं वाटून मी दोन पावलं मागे सरलो. तेव्हा दिसलं की यांच्या मधोमध पिवळा ठिपका नाही. मी स्वतःला सांगितलं, सत्तरीच्या बाईला मिलिमीटरभर ठिपका कुठे दिसणार. ही बाई मिलिमीटरांवरच जगलेली आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

अक्का परत आल्या. कुंडीपुढे उभ्या राहिल्या. वाकल्या. किती वेळ वाकल्या होत्या ते सांगता येणार नाही, पण मी वरच्या गॅलरीत श्वास धरून होतो आणि मला तो पुरला नाही. शेवटी त्या वर न बघताच म्हणाल्या, "सकाळपासनं वीतभर वाढलं की रे."

मी टाळ्या वाजवत खाली धावलो. बर्फाचा गुण, जिद्दीचा विजय, वनस्पतिशास्त्राच्या तोंडात बोट, असं बरंच काही बोललो. अक्का ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि शाईचं पेन आणि फिल्मचा नवा तुकडा घेऊन आल्या. नाव लिहिलं. 'पेरलं'च्या चौकोनात सही केली. पेन माझ्या हातात दिलं.

"पुणेकर, 'तपासलं'मध्ये तू कर."

नऊ वर्षांत त्यांनी तो चौकोन कुणाला दिला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या कुंडीकडे बघत होत्या. मी सही केली. माझी सही एरवी नाटकी, शेपटाला दोन ठिपके असलेली. त्या दिवशी ती कशीबशी उमटली.

"आता फोटो काढ," अक्का म्हणाल्या. मी फोन घेऊन वाकलो तसा त्यांनी माझा खांदा धरला. "एवढ्या जवळून नको. स्वल्प लांबून काढ."

मी लांबून काढला. त्यांनी राधिकाला फोन लावला आणि दोनच शब्द बोलल्या, "निळं फुललं." पलीकडून राधिकाचा आवाज आला, "काय सांगतेस! पाठव पाठव." फोटो गेला. तासाभराने उत्तर आलं: "छान दिसतंय, आई. बघते कधी जमतंय."

अक्कांनी 'कधी जमतंय' याचा अर्थ 'येते' असा घेतला. खोलीचे पडदे धुतले. स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची अंगणात आणून कुंडीसमोर ठेवली, आणि तिचे चारही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही ते पट्टी घालून पाहिलं. त्या स्वतः त्या खुर्चीत बसत नसत. शेजारच्या पायरीवर बसत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दर रविवारी फोन यायचा. राधिका ऑफिसचं सांगायची, पावसाचं सांगायची. अक्का म्हणायच्या, "अजून आहेत फुलं," आणि पलीकडे क्षणभर काही ऐकू यायचं नाही.

एप्रिल लागला तसं फुलांनी बी धरलं. बारीक, काटेरी, कापडाला धरून बसणारं. अक्कांच्या साडीच्या काठाला रोज दहा-वीस बिया चिकटलेल्या असत आणि त्या पायरीवर बसून एकेक वेचून काढत. एका सकाळी मी कॉफी घेऊन गेलो, तर बोटावर एक बी धरून म्हणाल्या, "हे बघ कसं सोडत नाही. पाकिटातलं असं नव्हतं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "अक्का, मी राधिकाला फोन करतो. खरं काय ते सांगून टाकतो."

"कुठलं खरं? फुलाचं का माझं?"

"दोन्ही."

त्यांनी बोटावरचं बी पायरीवर ठेवलं. साडीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आयुष्यात खोटी रेघ मारली नव्हती, पुणेकर. ही पहिली. आता मारली आहे तर पुरी होऊ दे. ती येईल. तू केलेली सही सांभाळ, साकु." साकु म्हणजे पुरे.

मी सांभाळली. याचा मला अभिमान वाटावा असं त्यात काही नाही. फोन माझ्या खिशात होता, नंबर त्यात होता, आणि मला बोलायला आवडतं हे जगजाहीर आहे. तरी मी गप्प बसलो, कारण मी शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर, माझी लबाडी उघडी पडली असती म्हणूनही.

त्या महिन्याच्या शेवटी, सकाळी सातच्या सुमारास, अक्का पायरीवर बसल्या बसल्या गेल्या. झारी बाजूला उभी होती, सांडली नव्हती. खुर्ची रिकामी होती.

राधिका दुसऱ्या दिवशी पोचली. पुढचे दिवस ज्या कामांत जातात त्या कामांत गेले. चौदाव्या दिवशी सकाळी ती अंगणात उतरली आणि एकेका कुंडीतला फिल्मचा तुकडा वाचत फिरू लागली. कढीपत्ता, गवती चहा, मोगरा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही चौकोनांत आईची सही. निळ्या कुंडीशी ती थांबली. तिथे आता वाळलेले दांडे होते आणि त्यांना लटकलेलं बी. तिने तिथला तुकडा उपसून हातात घेतला.

"अण्णा, इथे 'तपासलं'मध्ये तुमची सही आहे," ती मला म्हणाली.

मी भाषण तयार ठेवलं होतं. चौदा दिवस मनातल्या मनात घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. होसकोट्याची नर्सरी, ती लॅबची सकाळ, उपटलेली रोपं, डॉक्टर, रिक्षात दिलेला शब्द, सगळं मी उलटसुलट सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या ओढणीला बिया चिकटल्या होत्या. ती त्या काढायला लागली, आईसारखीच, एकेक. मग ते सोडून ती आत गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारच्या त्या चित्रापुढे उभी राहिली. हळदीचा ठिपका फिका पडला होता, पण होता. मी दारात उभा होतो. ती बाहेर आली. तो सहीचा तुकडा तिने माझ्या हातात ठेवला, आणि त्या खुर्चीवर बसली. कडेवर.

मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलायलाच हवं होतं. ती बोलली, पण माझ्याशी नाही. कुंडीकडे बघत, एका दमात, जणू तोंडातून निसटलं:

"मी फोटो मोठा करून बघितला होता. मधे पिवळं नव्हतं. म्हटलं, आईची गंमत चाललीय, खरं फुललं की जाऊ."